फक्त मोठ्यांसाठी, दुपारी दोन वाजता

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी नागपुरातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. माझ्याकडे महिला पुरवणी होती. म्हणजे लोकरीचे टाके, कैरीचे प्रकार आणि चेहऱ्याला लावायचं मसुराचं पीठ. एखादा विषय कुठे टाकावा हे संपादकांना कळलं नाही की तोही माझ्याच टेबलावर येई. त्यामुळे एका सोमवारी त्यांनी मला आत बोलावून दुसऱ्या एका दैनिकाचं पहिलं पान समोर ठेवलं, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही.

पानाच्या मधोमध चौकट होती आणि वर मथळा, ‘केबलवरून घराघरात अश्लीलता’.

‘‘तुमच्या महाल भागात केबल आहे ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आहे सर. सासूबाई पौराणिक सिनेमे बघतात.’’

‘‘मग ज्या मालिकेवर हा ओरडा आहे, ती?’’

‘‘मी नाही पाहिली. दुपारी दोनला असते. दोनला मी इथे असते.’’

‘‘आपला अग्रलेख तयार आहे. चांगला सणसणीत आहे,’’ ते म्हणाले. मग जरा थांबून चष्मा काढला. ‘‘पण लिहिणाऱ्याने ती पाहिलेली नाही. मीही नाही. कोणीतरी पाहिलेली बरी.’’

तेव्हाची केबल म्हणजे आजच्यासारखे ढीगभर चॅनेल नव्हेत. एका घरी व्हीसीआर असे, तिथून काळ्या वायरी गच्च्यांवरून, कडुलिंबाच्या फांद्यांमधून गल्लीभर फिरवलेल्या असत आणि केबलवाला जी कॅसेट लावील ती सगळ्या गल्लीने बघायची. आमचा केबलवाला मूळचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा. सीताबर्डीवर त्याचा लहानसा ठेला होता. लग्नसराईत तो लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करी. ऐन पावसाळ्यात लग्नं नसतात, कॅमेरा रिकामा पडून राहतो, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की आपणच एक मालिका काढावी. तिचं नाव त्याने ठेवलं ‘जरा हळू’. तिच्या कॅसेटच्या प्रती शहरातले बाकीचे केबलवालेही लावू लागले.

विषय सोपा होता. दोन खोल्यांचं घर, नवं लग्न झालेलं जोडपं, आणि बाहेरच्या खोलीत झोपणारी आई. नवराबायकोला दोन घटका एकांत मिळत नाही, एवढंच. सुरुवातीला पडद्यावर पाटी येई, ‘फक्त मोठ्यांसाठी’. आता मोठ्यांसाठी म्हटल्यावर पोरं घरात नसताना दाखवायला हवी. पोरं शाळेत असतात दुपारी दोनला. म्हणून दर गुरुवारी दुपारी दोन. त्या वेळेला पुरुषही कामावर असतात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. परिणाम असा झाला की मालिका बघत होत्या झाडून सगळ्या बायका आणि तिच्याविरुद्ध लिहीत होते झाडून सगळे पुरुष.

त्या गुरुवारी मी दीड वाजता ऑफिसातून निघाले. गल्लीत पोचले तोवर दोन वाजून गेले होते आणि आमच्या दारासमोर चपलांचा हा ढीग. दार आतून बंद. आणि आतून हसण्याचा असा लोट आला की मी क्षणभर घर चुकले की काय असं वाटलं. मी कडी वाजवली. आत एकदम चिडीचूप. काहीतरी हलवाहलव झाली, मग सासूबाईंनी दार उघडलं.

आत गल्लीतल्या सगळ्या बायका मांडी घालून बसल्या होत्या. शेजारच्या काकूंच्या हातात सूप होतं, पण सुपात काहीच नव्हतं. टीव्ही बंद होता.

‘‘काहून वं, आज लवकर आली?’’ सासूबाईंनी विचारलं. ‘‘तब्येत बरी हाये ना?’’

‘‘बरी आहे. तुम्ही काय करून राहिल्या?’’

‘‘भजन.’’

मी टीव्हीवर हात ठेवला. चांगला गरम होता.

‘‘आई, मला तीच मालिका बघायची आहे,’’ मी म्हटलं. ‘‘ऑफिसनं पाठवलंय. पेपरात लिहायचंय.’’

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘हे पाहाले तुले हापिसातून सुट्टी भेटते?’’

‘‘हाव.’’

‘‘मंग बस ना वं! उभी काहून हायेस? लाव वं टीव्ही, लय गेलं असन पुढं.’’

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सासूबाई झोपत. आता मी त्यांच्याच शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, ती मालिका बघायला बसले होते. नवरा कॉलेजात जीवशास्त्र शिकवी आणि इतका लाजाळू की पुनरुत्पादनाचा धडा मुलांना ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देई. त्याने मला त्या जागी पाहिलं असतं तर तो आल्या पावली कॉलेजात परत गेला असता.

पडद्यावर लोखंडी पलंग होता. तो कुरकुरायचा. पडद्यावरचा नवरा त्याला आधी खोबरेल तेल लावतो, मग शिवणयंत्राचं तेल, मग पायांखाली चिंध्या. तरी पलंग कुरकुरतोच. सकाळी आई चहा पिताना विचारते, ‘‘काय गा, तुमच्या खोलीत उंदरं फिरून राहिले का रातभर?’’ पोरगं मान खाली घालून म्हणतं, ‘‘हाव, असतीन.’’ संध्याकाळी आई बाजारातून उंदराचा पिंजरा आणते, त्यात भज्याचा तुकडा लावते आणि जातीनं त्या पलंगाखाली नेऊन ठेवते. वर सुनेला सांगते, ‘‘सापडला का मले हाक मारजो. मी जागीच असतो.’’

आणि इथे प्रसंग संपून गुलाबी बदामाचा आकार फिरत फिरत पडदाभर झाला. केबलवाल्याच्या चित्रं जोडायच्या मिक्सरमध्ये सगळी करामत लग्नाच्या व्हिडिओची होती. त्यामुळे दोन प्रसंगांच्या मधे कधी बदाम उमले, कधी गुलाबाच्या पाकळ्या पडत. उंदराच्या पिंजऱ्यावर सुद्धा पाकळ्या पडल्या.

मी हसू दाबून सरळ समोर बघत होते. सासूबाईही सरळ समोर बघत होत्या. मग त्यांचा खांदा हलायला लागला. तो माझ्या खांद्याला टेकलेला होता. मी ओठ चावले, तरी माझ्या नाकातून आवाज आलाच. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांचा पदर घसरला आणि माझ्या बांगड्या दारावर आपटल्या.

भाग संपला तरी कोणी उठेना. काकू डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘आजकालच्या पोरीइले पलंग तरी हाये बापा.’’

सासूबाई उमरेडच्या विणकर घरातल्या. सासरीही हातमाग. लग्नानंतर त्या एका खोलीत सात माणसांत राहिल्या आणि त्यातली अर्धी खोली मागानं व्यापलेली. त्या पदर सावरत अगदी सहज म्हणाल्या, ‘‘आमचं बरं होतं. दुपारी माग चालू असला ना, का त्याच्या खटक्यात कोणाले काही आयकू नाही जाये.’’

‘‘पण मंग माग कोण चालवे वं?’’ काकूंनी विचारलं.

सासूबाईंना आपण काय बोलून गेलो ते आत्ता कळलं. त्या लाजल्या. साठीच्या बाईला इतकं लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ‘‘नणंद,’’ त्या पुटपुटल्या. ‘‘मोठी चांगली होती बिचारी. लय लुगडी विणली तिनं.’’

त्यानंतरचा दंगा ऐकून समोरच्या घरातले म्हातारे आजोबा काठी टेकत चौकशीला आले. त्यांनाही भजन चालू असल्याचं सांगण्यात आलं.

मी ऑफिसात परतले आणि एका बैठकीत लेख लिहून काढला. पिंजऱ्याचं लिहिलं, बदामांचं लिहिलं, बायका कशा हसल्या ते लिहिलं. मागाचं लिहिलं नाही. ते आमच्या घरचं होतं. संपादकांनी लेख दोनदा वाचला.

‘‘यात परीक्षण कुठे आहे? बायका हसल्या, हे परीक्षण झालं का?’’

‘‘विनोदी मालिका आहे सर. अजून काय व्हायला हवं?’’

तोवर प्रकरण वाढलं होतं. एका हिंदी दैनिकानं ‘शहर की लाज’ असा मथळा दिला होता. एका साप्ताहिकानं पोलिसांनी केबलच्या वायरी कापाव्या अशी मागणी केली होती. केबलवाला घाबरला. त्यानं सगळ्या पेपरांच्या ऑफिसांत जाऊन हात जोडले, ‘‘साहेब, पहले एक बार देख तो लो. मंग जे लिहाचं ते लिहा.’’ त्यानं पत्रकारांसाठी मंगळवारी दुपारी स्वतःच्या घरी खास खेळ ठेवला. संपादक म्हणाले, ‘‘चला, मीही येतो.’’

केबलवाल्याचं घर इतवारीत, पहिल्या मजल्यावर. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून त्यानं खिडक्यांना जाड चादरी लावल्या होत्या. आत पंखा गरगरत होता आणि पाच-सहा पत्रकार खुर्च्यांवर, शोकसभेला बसावं तसे बसले होते. ‘अश्लीलता’वाली चौकट लिहिणारे वार्ताहर पुढच्या रांगेत, मांडीवर कागद, हातात पेन. सगळ्यांत मी एकटीच बाई.

तेवढ्यात आतून पोह्यांच्या प्लेटा घेऊन एक ठेंगणी, सावळी बाई आली आणि मी चमकले. मालिकेतली आई! ती केबलवाल्याची सख्खी मावशी निघाली. जन्मात कधी तोंडाला रंग लावलेला नव्हता. भाच्याला ऐन वेळी नटी मिळेना म्हणून ही उभी राहिली. ‘‘मले पाठ नाही करता येत,’’ ती मला सांगू लागली. ‘‘मी भाच्याले म्हटलं, तू फक्त सांग का झालं ते. मी माह्या सुनेले जे बोलतो तेच बोलतो.’’ पोह्यांवर ओतलेली हरभऱ्याच्या रश्श्याची तर्री इतकी जहाल होती की पुढच्या रांगेतल्यांचे डोळे खेळ सुरू व्हायच्या आधीच पाण्यानं भरले.

त्या दिवशीचा भाग औषधाच्या दुकानाचा होता. नवऱ्याला दुकानातून कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचं पाकीट हवं असतं. तो काउंटरवर जातो, तोंड उघडतो, तेवढ्यात शेजारचे काका येतात. तो घाईघाईनं खोकल्याचं औषध मागतो. काका जातात, तो पुन्हा तोंड उघडतो, त्याचे शाळेतले मास्तर येतात. तो गरम पाण्याची पिशवी घेतो. मग ऑफिसातली बाई येते, तो पायाच्या भेगांचं मलम घेतो. पिशवी फुगत जाते. दुकानदार काळजीनं विचारतो, ‘‘घरी कोणी लय सिरीयस हाये का साहेब?’’

हे सगळं चालू असताना आमच्या खोलीत कोणी हसलं नाही. प्रत्येक जण शेजारच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होता की हा हसतो का. मी हसले असते, तर महिला पुरवणीची बाई चावट आहे असं ठरलं असतं. संपादकांनी रुमाल तोंडाशी धरला होता. तर्रीमुळे की कशामुळे, सांगता येत नव्हतं.

शेवटी पडद्यावरचं दुकान रिकामं होतं. नवरा इकडेतिकडे बघतो, वाकतो, दुकानदाराच्या कानाशी लागतो, आणि दारातून त्याची आईच आत येते.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला. चादरींमुळे खोलीत गुडुप अंधार. मग स्वयंपाकघराच्या दारातून मावशीचा आवाज आला. ‘‘बसा, बसा. लाइन येतपर्यंत करमन नाही तुम्हाले. पुढं का होते ते मीच सांगतो.’’ आणि तिनं तिथूनच, अंधारात, सुरू केलं. ‘‘काय गा, तू अठी, औषधाच्या दुकानात? येवढी औषधं? खोकला तुले, पोटशेक तुले, पायाच्या भेगाही तुलेच? अरे, मंग लगन काहून केलं तू? भरती व्हाचं होतं ना मेडिकलच्या दवाखान्यात!’’

पहिला आवाज पुढच्या रांगेतून आला. सायकलच्या पंपातून हवा सुटावी तसा, फुस्स, फुस्स. मग तो फुटलाच. त्यामागे दुसरा, तिसरा. अंधारात खुर्च्या करकरायला लागल्या, कोणाची तरी प्लेट खाली पडली. मावशी काही थांबेना. आता ती दुकानदाराचंही बोलू लागली. ‘‘आई, तुमच्या पोराले काय पाह्यजे ते तो सांगूनच नाही राहिला.’’ ‘‘अरे, मी हायेच ना! मले द्या, मी नेऊन देतो त्याच्या बायकोले.’’ माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ ‘अगं आई, पुरे’ असं म्हणत माझ्याच खांद्यावर डोकं टेकून हसत होते. ते हिंदी दैनिकाचे होते, पण त्या क्षणी मराठीतच ओरडत होते.

लाइट आली तेव्हा सगळे एकदम सरळ बसले. पुढच्या रांगेतले वार्ताहर चष्मा पुसत होते. त्यांचा कागद कोराच होता. मावशीनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, ‘‘चाय ठेवू?’’

परत येताना रिक्षात संपादक अजून रुमालानं डोळे पुसत होते. मग म्हणाले, ‘‘तो भाग आपण उरलेला पाहिलाच नाही.’’

‘‘मावशींनी सांगितला ना सर.’’

‘‘हो. पण पडद्यावर तसंच आहे का?’’

ऑफिसच्या पायऱ्या चढताना ते पुन्हा थांबले. ‘‘अग्रलेख राहू द्या. तुमचा लेख पुरवणीत नको, रविवारी मुख्य अंकात घेऊ. आजचं पण लिहा. कोण हसलं ते मात्र लिहू नका.’’

मी लिहिलं की शहरातल्या सर्व प्रमुख पत्रांचे प्रतिनिधी हजर होते आणि उजेड असेपर्यंत ते गंभीर होते. संपादकांनी एक शब्द बदलला नाही. त्याच आठवड्यात ‘अश्लीलता’वाल्या दैनिकात ‘विषय नाजूक, हाताळणी संयत’ असं छापून आलं. हिंदी दैनिकानं तर मावशीचा फोटो छापला, हातात पोह्यांची प्लेट. साप्ताहिक मात्र वायरी कापण्यावर ठाम राहिलं. त्यांचं कोणी खेळाला आलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी संपादकांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या मजल्यावर तो एकच फोन होता. त्यांनी उचलला, ऐकलं, त्यांचा चेहरा गोंधळला आणि रिसीव्हर त्यांनी माझ्यापुढे धरला.

‘‘तुमच्यासाठी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या घरून.’’

पलीकडून त्यांच्या पत्नी बोलत होत्या. मी त्यांना एकदाच, एका हळदीकुंकवाला भेटले होते. ‘‘अहो, तुमच्याकडे काल लाइट होती का?’’ त्यांनी हळू आवाजात विचारलं. ‘‘आमच्याकडे पावणेतीनला गेली. त्या सुनेच्या भावाचं काय झालं पुढे? तो पलंगावर बसला की नाही?’’

सासूबाईंनी रात्री सांगितलं होतं, त्यावरून मी संपादकांकडे बघत म्हटलं, ‘‘बसला.’’

‘‘अगोबाई! आणि मग?’’

‘‘तुमच्याकडे केबल कधी आली?’’ मी फोन ठेवल्यावर न राहवून विचारलं.

‘‘माझ्याकडे केबल नाही,’’ संपादक म्हणाले. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. ‘‘दर गुरुवारी ती दुपारी शेजारी जाते. मला सांगते, पोथी असते.’’ आणि अंधारात दाबलेलं जे काय होतं ते त्यांनी त्या दिवशी भर उजेडात, दार उघडं ठेवून हसून घेतलं. प्रूफरीडर सुद्धा उठून बघायला आले.

लेख छापून आला त्याच महिन्यात एका सकाळी सासूबाई पिशवी भरून तयार झाल्या. त्यांची धाकटी बहीण काटोलला दिलेली, तिच्याकडे संत्र्यांचे बगीचे.

‘‘मी काटोलले जाऊन येतो,’’ त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. ‘‘संत्र्याची तोडणी सुरू हाये. तिले मदत होईन.’’

‘‘आई, मावशीकडे तोडणीला माणसं आहेत,’’ नवरा म्हणाला. ‘‘तू काय तोडणार?’’

‘‘मी झाडाखाली बसून पाहीन.’’ मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘‘गुरुवारी सकाळच्या बसनं येतो. त्याच्या आंधी येत नाही. अजिबात नाही. आयकलं का?’’

नवऱ्याला काही कळलं नाही. मला कळलं. मी वाकून त्यांना नमस्कार केला तर त्या म्हणाल्या, ‘‘नमस्कार कायचा करून राहिली? मी का काशीले चालली?’’ आम्ही त्यांना बसस्टँडवर सोडून आलो. घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. त्याचे कान आधी लाल झाले, मग तो मोठ्यानं हसला. त्या घरात त्याला इतक्या मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या चार दिवसांचं यापेक्षा जास्त काही मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, एकदा आम्ही वरणातल्या मिठावरून मनसोक्त भांडलो, आणि गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला असेल, पण दोघांनाही फार बरं वाटलं.

त्यानंतर दर महिन्याला त्या काटोलला जाऊ लागल्या. झाडावर एक संत्रं उरलं नाही तेव्हाही गेल्या.

‘जरा हळू’ लग्नसराई सुरू होईपर्यंत चालली. मग केबलवाल्याला कॅमेरा हवा होता आणि कॅसेटही. पुढे त्या सगळ्या कॅसेटांवर लग्नं चढली. मावशीला मात्र लोकांनी सोडलं नाही. त्या वर्षी नागपुरातल्या कितीतरी लग्नांत तिला मुद्दाम बोलावणं असे आणि ती नव्या नवरीच्या कानात काहीतरी सांगून तिला भर मांडवात हसवी.

संपादकांनी मला टीव्हीवर दर आठवड्याला लिहायला सांगितलं. पहिला मजकूर मी रविवारी सकाळी घरी लिहिला आणि सासूबाईंना वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या. शेवटपर्यंत हात थांबले नाहीत.

‘‘कसं आहे?’’ मी विचारलं.

‘‘चांगलं हाये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण मधात कुठंच हासू नाही आलं. मधातलं काढून टाक.’’

मी मधलं काढून टाकलं.